फोटोवरून पास केलेली चिमी

वैशालीताई माझ्याशी तीन वर्षं खोटं बोलली.

आज तिला जाऊन महिना झाला. सगळ्यांनी तिच्याबद्दल चांगलं लिहिलंय आणि ते खरंही आहे. मी एवढे दिवस गप्प होते, कारण मला फक्त चांगलं लिहिता येत नव्हतं.

चाकणच्या एका कंपनीत ताई आणि मी पेंट शॉपच्या क्वालिटीत होतो. ती माझी सीनियर. रंगवून आलेला बंपर मास्टर पॅनेलशेजारी, म्हणजे मंजूर रंगाच्या नमुन्याशेजारी, एकाच लाइटखाली धरायचा आणि शेड जुळते का बघायचं, हे आमचं काम.

सप्लायर घाईत असला की मोबाइलवर फोटो पाठवायचा. मी एकदा तसा ओके दिला, तर ताई सगळ्यांसमोर ओरडली.

"फोटोवरून शेड पास करायची नाही! पार्ट आणा म्हणावं. हातात घे, फिरवून बघ."

कॅन्टीनमागे मांजरी असायच्या. जेवण झालं की ताई मला त्यांचेही रंग शिकवायची.

"राखाडी म्हणजे काय गं? काळ्यातच थिनर टाकलाय. केशरीत टाकला की क्रीम."

"आणि पांढरा?"

"पांढरा हा रंगच नाही. तिथे रंग पोचलाच नाही. आपल्या भाषेत अनकोटेड."

"म्हणजे रिजेक्ट?"

"तू रिजेक्ट. चल, सुट्टी संपली."

केशरी मांजर बिनपट्ट्यांची नसतेच, उन्हात नीट बघितलं की पट्टे दिसतात, हे तिनेच दाखवलं. तीन रंगांची मांजर बहुतेक मादीच असते, हेही. आणि तिची ठिगळं आईच्या पोटात असतानाच कशीही पडतात, म्हणून अशा दोन मांजरी कधीच सारख्या नसतात. सख्ख्या बहिणीसुद्धा नाहीत.

चिमी त्यातलीच. उजव्या डोळ्यावर केशरी, डाव्यावर काळा, बाकी पांढरी. मी परभणीहून नोकरीला आलेली, दापोडीत एकटी खोली घेऊन राहायचे. एक दिवस तिला बॅगेत घालून घरी नेलं.

संध्याकाळी दार उघडलं की कोणीतरी वाट बघत असायचं. एवढंच. पण तेव्हा ते खूप होतं.

लग्न झालं, निघोजेला गेले. सासूबाईंना दमा. मांजर ठेवणं शक्यच नव्हतं.

ताई स्वतःहून म्हणाली, "मला दे. सांगवी काय लांब आहे? हवं तेव्हा येऊन बघ."

मी दुसऱ्या कंपनीत लागले. दर रविवारी चिमीचा फोटो यायचा.

एकदा मी विचारलं, "ताई, केशरी डोळा उजवा होता ना? हा डावा दिसतोय."

"अगं बावळट, सेल्फी कॅमेऱ्याने काढलाय. उलटा येतो."

त्यानंतरचे सगळे फोटो तसेच होते. मी सगळे ओके केले.

भेटायला येते म्हटलं की मात्र काहीतरी निघायचं. घरी रंगकाम आहे. पाहुणे आलेत. आम्ही गावाला चाललोय.

मला वाटलं, कंपनी सुटली तशी मीही सुटले. मला दोनदा विचारता येत नाही. मी विचारायचं बंद केलं.

मग ताई आजारी पडली. मी फोन केला.

"बरी होऊ दे, मग ये," म्हणाली. आवाज खोल गेला होता.

तरी मी गेले नाही. नको म्हणतेय तिथे कशाला जायचं?

शेवटी गेले ते ती गेल्यावर, दुसऱ्या दिवशी.

सतरंजीवर बायका बसल्या होत्या. मांजर आली आणि माझ्या पुढ्यात बसली. हातभर अंतरावर. मध्ये कुठलाही कॅमेरा नाही.

केशरी डोळा डावा.

मी दाजींकडे, ताईच्या नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी मला खुणेनेच गॅलरीत बोलावलं.

"तुझी चिमी तिसऱ्याच दिवशी इथून गेली गं. जाळी नव्हती तेव्हा. पंधरा दिवस शोधली, पार नदीपर्यंत. मग ही आणली. तू सासरी नवीन, तुला सोसणार नाही, म्हणाली."

"म्हणून मला घरी येऊ दिलं नाही?"

"घाबरायची. म्हणायची, पोरगी माझ्या हाताखाली शिकलीये, एका नजरेत ओळखेल."

"आणि आजारपणात?"



"रोज म्हणायची, तिला आधी खरं सांगते, मग बोलावते."

"दाजी, मी मांजर बघायला येणार नव्हते."

त्यांनी मान खाली घातली. मी चप्पल घातली आणि निघाले.

ताई, चिमी गेली हे तेव्हाच सांगितलं असतंस तर मी रडले असते. तुझ्यावर चिडले असते. आठवडाभर तुझा फोन घेतला नसता.

आणि पुढच्या रविवारी तुझ्या घरी आले असते.

मांजर हरवली, त्याचा राग नाही. मांजरी जातात. तू मला न विचारता ठरवलंस की मला सोसणार नाही, आणि त्यापायी तीन वर्षं मला दारात उभं केलं नाहीस. तुला डबा आणायचा होता, तुझ्या उशाशी बसायचं होतं. ते माझं होतं, ताई. ते तू घेतलंस.

आणि मी समजत राहिले की तुला मी नको झाले.

राग महिन्याभरात गेला नाही. कधी जाईल, माहीत नाही. तो मनात ठेवूनच आज तुला हात जोडते.

नीट जा, ताई.