ट्रंककाकींचं म्युझियम

"मी काही बोलत नाही," असं म्हणून ट्रंककाकींनी सुरुवात केली की ऐकणाऱ्याने आधी बसायला जागा शोधावी. उभ्याने ऐकण्याचं ते काम नव्हतं. पाणी का गेलं, दूधवाला का रुसला, शेजारच्या जोश्यांची मुलगी कुणाबरोबर फिरते आणि ते कसं योग्यच आहे, इथून निघालेली गाडी त्यांच्या मावससासूच्या मोतीबिंदूपर्यंत जाऊन परत यायची. शेवटी त्या पुन्हा म्हणायच्या, "जाऊ दे. मी काही बोलत नाही."

त्यांचं खरं नाव आमच्या बोरिवलीच्या वसाहतीत फार थोड्यांना माहीत होतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे ट्रंककॉल जोडून दिले, म्हणून त्या ट्रंककाकी. या नोकरीचाच हा सूड होता, असं त्या उघड सांगत. "लोक तिकडे बंगलोरशी गप्पा मारतायत आणि मी आपली 'तीन मिनिटं झाली' म्हणत बसलेय. आयुष्यभर दुसऱ्यांना बोलू दिलं रे. आता माझी पाळी." त्यांचे यजमान फार मितभाषी होते म्हणे. वसाहतीचं मत असं, की त्यांना दुसरा पर्यायच नव्हता.

म्युझियम त्यांच्या गळ्यात पडलं तेही या बोलण्यामुळेच. भजनी मंडळात त्या दोन अभंगांच्या मध्ये टिप्पणी करायच्या, आणि टिप्पणी अभंगापेक्षा लांबायची. वैतागलेल्या बायकांनी वसाहतीच्या मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब यांना गळ घातली, की काकींना काहीतरी स्वतंत्र जबाबदारी द्या, आणि ती लांब असू द्या. नानासाहेबांनी मंडळाच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या कुलूपबंद खोलीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

ती खोली म्हणजे 'लोककला व लोकजीवन संग्रहालय'. एका हौशी चित्रकला शिक्षकांनी गावोगाव, खाडीकाठी हिंडून मुसळं, सुपं, टोपल्या, लाकडी मुखवटे, पाळण्यावरच्या चिमण्या असं काय काय जमवलं होतं. ते वारले आणि खोलीत गणपतीचं मखर नि मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या. काकींनी पदर खोचून खोली झाडली, वस्तू पुसल्या आणि दार उघडून बसल्या. कुणी फिरकलं नाही. रॉकेलच्या रांगेत उभं राहून पाय दुखलेली माणसं तेवढी टेकायला येत आणि नंबर आला की उठून जात.

"येतील कशी?" काकी मला म्हणाल्या. "ही चिठ्ठी वाच. 'मुसळ. लाकूड. कोकण.' अरे, लग्नाच्या मुलीचं असं वर्णन केलं तर तिला कोण बघायला येईल?"

त्यातच नानासाहेबांनी जाहीर केलं, की दिवाळीपर्यंत म्युझियमला माणसं आली नाहीत तर ती खोली टायपिंगच्या क्लासला द्यायची. त्या दिवशी काकी माझ्या घरी आल्या आणि पहिल्यांदाच प्रस्तावना न करता म्हणाल्या, "मुकुंदा, तुझा तो टेपरेकॉर्डर हवाय. तूही हवायस. मला बटणं कळत नाहीत."

माझ्या मेव्हण्याने दुबईहून आणलेला तो टू-इन-वन आमच्या घरातली सर्वांत मानाची वस्तू होती. माझी बायको सुनंदा त्याच्यावर भरतकाम केलेला रुमाल घालून ठेवायची. काकींची योजना सरळ होती. प्रत्येक वस्तू ज्यांनी वापरली, त्या माणसांकडे जायचं, त्यांना बोलतं करायचं, ते टेप करायचं आणि वस्तूशेजारी ऐकवायचं. "चिठ्ठीला तोंड नसतं. माणसाला असतं," त्या म्हणाल्या. काकींएवढा याचा अनुभव कुणाला असणार!

पहिली स्वारी मनोरीला. म्युझियममध्ये एक भली मोठी मासळीची टोपली होती, ती तिथल्या हिराबाई नावाच्या कोळणीच्या घरून आलेली. मार्व्याच्या धक्क्यावरून आम्ही बोटीत बसलो. टेपरेकॉर्डर मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता. हिराबाई अंगणात सुके बोंबील उलटत बसल्या होत्या. काकींनी प्रश्न विचारला. हिराबाईंनी तोंड उघडलं. काकींनी त्यांना आपल्या लहानपणीच्या कोळणीबद्दल सांगितलं. हिराबाईंनी पुन्हा तोंड उघडलं. काकींनी बोंबील कसे तळावेत ते सांगितलं. एका कोळणीला! शेवटी हिराबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाय गो, तू सांगतेस का मी सांगू? दोघी नको."

परतीच्या बोटीत मी टेप लावली. काकी कौतुकाने कान देऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही कोण बाई रे?"

"तुम्हीच, काकी."

"थांबत का नाही ती?"

मी टेप बंद केली. मार्व्याचा धक्का येईपर्यंत काकी गप्प होत्या. रिक्षात मात्र त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या बोर्डावर एक कळ असायची. ती दाबली की आपलं तोंड बंद, कान चालू. बाईच्या अंगावर देवाने ती बसवली असती तर किती बरं झालं असतं."

कळ त्यांनी स्वतःच शोधून काढली. पुढच्या खेपेला हिराबाईंसमोर बसताना त्यांनी पिशवीतून खडीसाखरेचा मोठा खडा काढला आणि गालात धरला. खडा विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही असा नेम. हिराबाईंचं बोलणं मग असं सुटलं, की मला कॅसेट उलटायचं भान राहिलं नाही. त्या टोपलीत त्यांची सासू तान्ह्या लेकाला, म्हणजे पुढे हिराबाईंचा नवरा झाला त्याला, सुक्या मासळीशेजारी निजवून बाजारात आणायची. एकदा गर्दीत एका पारशिणीने फडक्याखालचा माल चाचपून विचारलं, याचा भाव काय? सासू म्हणाली, "तो नाय विकायचा. रडतो फार." आणि हिराबाई पुढे म्हणाल्या, "तवाच दिला असता तर मी सुटले असते!" या ठिकाणी टेपवर कडाड् असा आवाज आहे. ती काकींनी फोडलेली खडीसाखर. पुढे आम्हाला सवयच झाली. टेपवर कडाड् ऐकू आलं की समजायचं, गोष्ट रंगात आली.

रविवारी सकाळी टीव्हीसमोरून कुणी हलत नसे, म्हणून शनिवारची संध्याकाळ ठरली. काकी एक वस्तू मधल्या टेबलावर ठेवायच्या आणि तिची टेप लावायच्या. हिराबाईंची टोपली ऐकायला पंधरा-वीस माणसं आली, दुसऱ्या शनिवारी त्याहून जास्त. तिसऱ्या शनिवारी भांडण झालं आणि मग गर्दीला तोटाच राहिला नाही. वस्तू होती कोळीवाड्यातून आणलेलं एक हातभर लाकूड. एका टोकाला भोक, दुसऱ्या टोकाला खाच. तिथून आलेले एक म्हातारबाबा म्हणाले, हे होडीच्या शिडाचं. मालवणकडच्या परबांनी शपथेवर सांगितलं, की हे विहिरीच्या रहाटाचं. आणि कोपऱ्यातल्या लेलेआजी एकदम उठून म्हणाल्या, "काहीतरीच काय! हा आमच्या पाळण्याचा दांडा आहे. मी ओळखते."

"आजी, तुमचा पाळणा कोळीवाड्यात कसा गेला?"

"तेच तर मी विचारतेय!"

निकाल लागला नाही. काकींनी तो लावूही दिला नाही. तिघांच्या तीन टेपा करून तिन्ही त्या लाकडाशेजारी ठेवल्या. कोण खरं, असं विचारलं की त्या म्हणत, "मी कॉल जोडून देते. आत कोण खोटं बोलतंय ते बघणं माझं काम नाही."

नानासाहेबांना मात्र ही प्रगती वाटली नाही. संग्रहालयात भांडणं होतात, म्हणजे खोली रिकामी करायला एक कारण जास्तच झालं, असं त्यांनी दोन-चार जणांना बोलून दाखवलं. दिवाळी जवळ येत होती. तेव्हा काकींची नजर माझ्या बाबांवर पडली.

बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. जन्मभर कापड विणलं. संप झाला, फिसकटला, गिरणी पुन्हा सुरू झाली ती बाबांना वगळून. तेव्हापासून ते आमच्या गॅलरीत एका खुर्चीवर बसून असत. भांडण नाही, तक्रार नाही. दिवसभरात "हूं", "नको" आणि "चाय" एवढेच शब्द. गिरणीचं नाव घरात कुणी काढत नसे. गिरणीतून त्यांनी एकच वस्तू आणली होती, एक गुळगुळीत झालेला धोटा. साच्यावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. तो त्यांच्या उशाशी असे.

"भाऊ, मला धोट्याबद्दल सांगा," काकी समोर बसून म्हणाल्या.

"माज्याकडे काय आसा सांगूसारख्या?" बाबा म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

काकींनी खडीसाखर गालात धरली. बाबांनी काहीच धरलं नव्हतं, तरी तेही गप्प. मी टेप चालू करून मूर्खासारखा मध्ये उभा. त्या कॅसेटच्या एका बाजूवर आमचा पंखा, कावळे आणि खालच्या भंगारवाल्याची आरोळी एवढंच आहे. मी बटण बंद करायला हात पुढे केला, तर काकींनी डोळ्यांनीच दटावलं. खडा विरघळला. मग त्यांनी जे विचारलं ते टेलिफोनवाल्या बाईलाच सुचलं असतं.

"भाऊ, त्या साच्यांच्या खडखडाटात तुम्ही एकमेकांशी बोलायचात कसं?"

बाबांनी मान वळवली. जरा वेळाने उजवा हात उचलून कपाळावर आडवा धरला, टोपी पुढे ओढल्यासारखा.

"हे काय?"

"जॉबर इलो."

त्यांच्यावरचा मुकादम, तो जॉबर. मग दोन बोटांची चिमूट ओठाशी नेऊन फटकन सोडली. धागा तुटला. मूठ पोटावर गोल फिरवली. डबा खायला चल. काकी पुढे सरकल्या. "मुकुंदा, टेपवर हे दिसणार कसं?" आणि मग त्याच बोलू लागल्या: "आता भाऊंनी डावी मिशी पिळली आहे. हे काय, भाऊ?" "खात्याचो मास्तर रागात आसा." "आता भाऊ दोन्ही हात कानांशी नेतायत..." क्रिकेटची कॉमेंट्री करावी तसं चाललं होतं. बाबा उठून उभे राहिले. सुनंदा कणकेचे हात तसेच घेऊन दारात आली. बाबा हसत होते. मोठ्याने, दात दाखवून. सुनंदाने लग्न होऊन आल्यापासून ते पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी अंगठ्याने डोळ्याचा कोपरा पुसला.

"हे?"

"गावसून तार इली."

काकींच्या तोंडात तेव्हा खडीसाखर नव्हती. तरी त्या काही बोलल्या नाहीत.

त्या शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून धोट्याशेजारी उभे राहिले. टेप वाजली, काकींनी वर्णन केलं आणि बाबा एकेक खूण शिकवू लागले. ऐकायला वसाहतीतले आणखी तीन-चार जुने गिरणीवाले आले होते. त्यांचे हात आपोआप उठले. लेलेआजी धागा तोडत होत्या, परब डबा खायला बोलावत होते, पोरं मिशा पिळत होती. नेमके त्याच वेळी नानासाहेब टायपिंग क्लासच्या मालकांना खोली दाखवायला घेऊन आले. दारातून त्यांना दिसलं ते असं: खोली खचाखच भरलेली, कुणीही अवाक्षर बोलत नाहीये आणि सगळे हातवारे करतायत.

एका गिरणीवाल्याने नानासाहेबांना पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने हात कपाळावर आडवा धरला. दुसऱ्याने धरला. मग सगळ्या खोलीने धरला, आणि पुढच्या क्षणी हसण्याचा जो स्फोट झाला, त्याने छताचा पोपडा खाली आला.

"काय? काय म्हणाले हे?" नानासाहेबांनी विचारलं. कुणी सांगेना. शेवटी बाबांनीच सांगितलं, "साहेब आले, असा म्हणतत." नानासाहेब क्षणभर लाल झाले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बरं, चहा मागायचा असेल तर काय करायचं?"

टायपिंगचा क्लास वरच्या मजल्यावर गेला. नंतरच्या सगळ्या टेपांमध्ये म्हणून मागे टकटक ऐकू येते. काकी टायपिंगच्या मुलींनाही सोडत नसत. जिना चढताना एकेकीला पकडून आजीबद्दल विचारत.

दोनेक वर्षांनी काकींचे गुडघे गेले आणि लेक त्यांना इंदूरला घेऊन गेली. जाताना किल्ली त्यांनी नानासाहेबांना न विचारता बाबांच्या हातात दिली. "भाऊ, दार उघडं ठेवा आणि कुणी भांडलं तर सोडवायला जाऊ नका." मग अधूनमधून शेजारच्या जोश्यांकडे त्यांचा फोन यायचा. आता एसटीडी होतं, मध्ये कुणी 'तीन मिनिटं झाली' म्हणणारं नव्हतं. बाबा शर्ट घालून फोनवर जायचे आणि अर्धा तास "होय", "होय" म्हणून परत यायचे.

काकी वारल्याचं एका दुपारी लेकीने त्याच फोनवर कळवलं. बाबांनी ऐकून घेतलं, घरी येऊन किल्ली घेतली आणि म्युझियम उघडायला गेले. संध्याकाळी ते वेळेवर परतले. आम्ही तिघं जेवायला बसलो. सुनंदाने आमटी वाढली. बाबांनी भात कालवला आणि घास न घेता, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, "मी मुंबैक येवक निघालंय तेव्हा माजी आवस भात झोडी होती. तिना वर बघूक नाय."

आजीबद्दल मला तिच्या फोटोपलीकडे काही माहीत नव्हतं. मी मान वर केली. बाबा सांगत होते: खळ्यात उडालेला कोंडा, दारातली ट्रंक, आई रागावली असं समजून आपण तरातरा उतरलेली घाटी, बंदरावर कुणी शेजाऱ्याने आणून दिलेली फडक्यात बांधलेली भाकरी, ती अजून गरम होती. म्हणजे आपण वळल्यावर तिने हातातलं टाकून चूल पेटवली होती. मग ते भाकरीच्या आधीच्या दिवसाकडे गेले, तिथून त्यांच्या एका बहिणीकडे, जी असल्याचं मला ठाऊकही नव्हतं. आमटी गार झाली. सुनंदाच्या आणि माझ्या बोटांवरचा भात वाळून कडक झाला होता, पण ताटावरून कुणी उठलं नाही.