तीन बोटं पेट्रोल

त्या साहेबानं माझ्या हातातली काठी हिसकावली आणि तिच्या टोकानं माझी टोपी उडवली. कोल्हापूरच्या विमानतळावर, भर दुपारी, दहाबारा जणांसमोर.

"काठीनं म्हशी हाकायच्या. विमानाला काटा असतो. कळलं का रे?"

मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो. तो चाळिशीचाही नव्हता.

शिकाऊ पायलटांची चार छोटी विमानं आली होती. या गावाहून त्या गावाला, तिथून परत, असा लांबचा सराव. हा साहेब त्यांचा शिक्षक. मी इंधन भरणारा, कंत्राटी. असल्या विमानाच्या इंधन दाखवणाऱ्या काट्यावर जाणता माणूस भरवसा ठेवत नाही. पंखाशी चढायचं, टाकीचं झाकण काढायचं, खुणा केलेली लाकडी काठी सरळ आत सोडायची. जिथवर ओली, तिथवर पेट्रोल. ओल वाऱ्यानं लगेच उडते, म्हणून तिथल्या तिथं बघायचं.

काठी घालायला एका विद्यार्थिनीनं सांगितलं होतं. पोरगी आमच्या शिवाजी पेठेतली, बाप टेम्पो चालवायचा. बाकीची पोरं बड्या घरची.

"काका, काट्याचं काय खरं न्हाई. काठी घाला की."

घातली. दोन्ही टाक्यांत तीन-तीन बोटं. पुढच्या टप्प्याला पुरणार नव्हतं. "सर, भरून घेते," ती म्हणाली. साहेबाला परतायची घाई होती. माझी टोपी उडाली ती तेव्हा. मग तो तिच्याकडं वळला.

"हा तुझ्या बापाचा टेम्पो नाही, दर चौकात थांबायला. बस आत."

पोरं हसली.

मीही हसलो. टोपी झटकत हसलो. साहेबलोक हसले की हसायचं, ही सवय अंगात मुरली होती. पोरीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि विमानात चढली. एकटी.

टॉवरकडं धावत जाऊन सांगता आलं असतं. नाही गेलो. साहेबानं फेकलेली काठी उचलली. तिच्यावरची ओल उडायला लागली होती. ओल जिथवर होती तिथं, खिशातल्या किल्लीनं मी काठीच्या कडेला ओरखडा ओढला. रागानं ओढला. माझा राग तेवढ्यावरच संपला.

अर्ध्या तासात तिचं इंजिन बंद पडलं. तिनं विमान उसाच्या फडात उतरवलं. जीव वाचला. कंबरेचं हाड मोडलं.

चौकशी लागली. साहेबानं कागद तयारच आणला होता. 'विद्यार्थिनीने इंधन तपासण्यास सांगितले नाही. काठी घातली गेली नाही.' माझ्या कंत्राटाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. कुणी धमकी दिली नाही. त्यानं फक्त पेन पुढं केलं. मी सही केली. पोरीला निष्काळजी ठरवून काढून टाकलं. माझं कंत्राट वाढलं. त्या पगारावर मी आणखी दोन वर्षं जेवलो.

गेल्या आठवड्यात ती घरी आली. चालताना एका अंगाला कलते. शाहूपुरीत एका दुकानात नोकरी करते. पाच वर्षं भांडून तिनं प्रकरण पुन्हा उघडायला लावलंय. माझ्या बायकोनं चहा दिला. तिनं तो घेतला नाही.

"काका, तुमी हसला ते मी इसरले. सही इसरले न्हाई."

एवढंच बोलून गेली.

परवा साहेबाचा फोन आला. तोच आवाज. "लेखी दिलंयस तेच सांगायचं. नाहीतर सांग, आठवत नाही. तुझ्या वयाला कुणी काही म्हणणार नाही."

अडुसष्ट वर्षांत मी कुठल्याही साहेबाला असं बोललो नव्हतो.

"पहिलं म्हणजे, अरेतुरे बंद करा. दुसरं, मला सगळं आठवतंय. काठी माझ्याकडं हाय."

"खोटी साक्ष दिली म्हणून आत जाशील तू."

"जाईन की. पर एकटा न्हाई जायचा."

त्यानं फोन ठेवला.

ओरखड्याला पुरावा मानणार नाहीत, हे मला कळतं. कुणीही म्हणेल, काल ओढला असेल. म्हणून नुसती काठी नेऊन भागणार नाही. सोमवारी चौकशीपुढं मी स्वतः उभा राहणार आहे. टोपी घालून. पहिलं वाक्य पोरीबद्दल नसेल, साहेबाबद्दलही नसेल. ते असं असेल: मी खोटं लिहून दिलं. त्यानंतर साहेबाचं नाव घेईन, त्याच्याकडं बघून, मोठ्यानं.