मस्कतकर नाशिकला उतरतात

माणूस नोकरी करतो तोवर त्याचे किस्से होत नाहीत. तो रिटायर व्हायचं ठरवतो आणि सुरुवात होते. त्यातून परदेशातून परत येऊन रिटायर व्हायचं असेल तर विचारूच नका! आमच्या मस्कतच्या ग्रुपचे इतके साठलेत की कोणी चहाला आलं की पहिला कुठला सांगायचा, यावरून माझी आणि नवऱ्याची, अविनाशची, जुंपते.

ग्रुप म्हणजे तीन घरं. आम्ही दोघं, मी तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. नंदू आणि शुभदा कुलकर्णी. आणि सुरेश पगार नि त्याची बायको लता. सुरेश मूळचा दिंडोरीजवळच्या खेड्यातला. आडनाव पगार, त्यामुळे महिनाअखेरीला त्याची चेष्टा ठरलेली. मस्कतला शुक्रवारी सुट्टी. सकाळी आमच्याकडे पोहे, आणि वीसेक वर्षं विषय एकच: "रिटायर झाल्यावर राहायचं कुठं?"

आम्ही सगळ्यांच्या आधी नाशिकला परतलो. त्या दिवसापासून बाकीच्या दोन घरांची बिनपगारी एजंट मी!

* * *

नंदू कुलकर्णी हिशेबी माणूस. त्यानं या प्रश्नावर एक्सेल शीट केली होती. उभ्या रांगेत गावं: नाशिक, पुणे, गोवा, मुलगी होती ते डब्लिन, शिवाय कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणून पोर्तुगाल. आडव्या रांगेत हॉस्पिटल किती लांब, पाणी चोवीस तास का, मराठी बोलणारे किती, थंडी किती, भाजी ताजी मिळते का. प्रत्येकाला गुण.

चार शुक्रवार भांडून आम्ही गुण दिले. पाचव्या शुक्रवारी नंदूनं लॅपटॉप फिरवला. पहिला नंबर मस्कत!

"हे यादीत कशाला घातलंस?" शुभदा म्हणाली.

"तुलना करायला."

जिथं नोकरी संपली की आमचा व्हिसा संपणार होता, नेमकं तेच गाव पहिलं आलं होतं. सुरेश म्हणाला, "नंद्या, फॉर्म्युला चुकला असेल. पोहे गार होतायत."

* * *

शुभदाला फ्लॅट हवा होता नाशिकलाच, आणि नदी दिसणारा. एजंट म्हणाला, "मॅडम, रिव्हर व्ह्यू आहे. टॉप क्लास." एप्रिलच्या उन्हात मी गेले. मस्कतहून शुभदा व्हिडिओ कॉलवर.

"नदी दाखव ना!"

मी बाल्कनीत. समोर पाण्याची टाकी, शेजारच्या बिल्डिंगचं वाळत घातलेलं धुणं, पलीकडे आणखी एक बिल्डिंग.

"नदी कुठंय हो?" मी विचारलं.

एजंटनं स्टूल आणलं. मी चढले. "आता जरा उजवीकडं झुका. अजून थोडं." वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी एका हातानं ग्रिल आणि दुसऱ्या हातानं फोन धरून लोंबकळतेय, आणि शुभदा मस्कतहून ओरडतेय, "अगं उतर! मला नको नदी!"

एजंट मात्र जराही डगमगला नाही. "मॅडम, आत्ता उन्हाळा आहे म्हणून. पावसाळ्यात तुम्हाला स्टूल लागणारच नाही. नदीच वर येते!"

* * *

सुरेशचं स्वप्न वेगळं. वडिलोपार्जित द्राक्षबाग. त्याचा थोरला भाऊ, दादा, ती बघतो. रिटायर झाल्यावर सकाळी हातात कॉफीचा मग घेऊन बागेतून फेरी मारायची, असं सुरेश आम्हाला दर शुक्रवारी सांगायचा. ऐकून ऐकून तो मग कुठल्या रंगाचा, हेसुद्धा आम्हाला पाठ झालं होतं.

एका वर्षी तो महिनाभराची रजा काढून 'ट्रायल'ला आला. वेळ निवडली ऑक्टोबर. ऑक्टोबरात छाटणी असते, हे शेतकऱ्याच्या पोराला आठवायला हवं होतं! पहिल्या दिवशी पहाटे पाचला दादानं उठवलं. मग कात्री, मग काड्या गोळा करणं, मग फवारणीच्या ट्रॅक्टरमागं धावणं. कॉफीचा मग बॅगेतून बाहेर निघालाच नाही. नवव्या दिवशी त्यानं पाठ धरून हळूच विचारलं, "दादा, इथं सुट्टी कोणत्या वारी असते?"

दादानं हातातली काडी छाटली, पुढच्या वेलींकडं मान करून म्हणाला, "थांब, यांना इचारून सांगतो."

* * *

अविनाशचा एक छोटा. आम्ही नवीनच परतलो होतो. सकाळी सहाच्या सुमाराला पंचवटीत भाजीला निघालो. रस्ता मोकळा, सिग्नल लाल. अविनाश थांबला. मस्कतची सवय.

मागं एक रिक्षा आली. तिनं दोनदा हॉर्न दिला. मग रिक्षावाला उतरला. मला वाटलं, आता शिव्या. तो खिडकीशी वाकून अगदी काळजीनं म्हणाला, "काका, बंद पडली का? तुम्ही स्टेअरिंग धरा, मी धक्का मारतो!"

* * *

कुलकर्ण्यांची ऋचा मस्कतलाच जन्मली, तिथंच शिकली, नोकरीला डब्लिनला गेली. आईबाबा नाशिकला फ्लॅट घेतायत (नदी नसलेला) हे कळल्यावर खूश झाली. फर्निचरचे फोटो पाठवायची.

निघायला पंधरा दिवस उरले तेव्हा ती न सांगता मस्कतला हजर! नंदूला आनंद. "आवरायला मदत करायला आलीस?"

ऋचानं मदत काही केली नाही. चार दिवस स्वतःच्या खोलीत बसून होती. दुपारी खालच्या दुकानात जाऊन लहानपणी खायची ते वेफर्स आणायची, खिडकीत बसून खायची. शेवटी नंदू चिडला. "अगं, इतक्या लांबून आलीस आणि आमच्याशी बोलतही नाहीस!"

"बाबा, तुम्हाला नाशिकला येऊन भेटेन ना," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता, आम्ही घरी चाललो. मग मी घरी आले की कुठं येणार, ते बघत होते."

एरवी प्रत्येक गोष्टीला नंदूकडं एक तक्ता असतो. त्या दिवशी तो तिच्या शेजारी बसला आणि पुड्यातले वेफर्स खाऊ लागला. हे मला शुभदानं सांगितलं. नंदू कधीच सांगत नाही.

* * *

आणि आता सुरेशचा.

त्या ऑक्टोबरनंतर लतानं ठरवलं, राहायचं नाशिक शहरातच. हॉस्पिटल जवळ, जिने नकोत, लिफ्ट हवी. मी त्यांना फ्लॅट बघून दिला. प्रश्न एकच उरला: दादाला सांगायचं कोणी? लता म्हणाली, "भाऊ तुमचा, तुम्ही सांगा." परतल्यावर सुरेशनं आमच्या हॉलमध्ये दोनदा रंगीत तालीम केली. दोन्ही वेळा दादाच्या भूमिकेत अविनाश, आणि दोन्ही वेळा सुरेश तिसऱ्या वाक्याला अडखळला.

डिसेंबरातल्या एका सकाळी तो लताला आणि आम्हाला आधाराला घेऊन गेला. दिंडोरीकडं त्या आठवड्यात थंडी अशी, की बागेत दव गोठू नये म्हणून शेकोट्या पेटवल्या होत्या. दादा कानटोपी घालून, अंगावर घोंगडी घेऊन ओट्यावर बसला होता. सुरेशनं एका दमात सांगून टाकलं. फ्लॅट घेतलाय. शहरात. लताचे गुडघे. येत-जात राहू.

दादानं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला. मग घोंगडी सावरत, "च्या घ्या. मग मागं या जरा."

मागं एक नवी खोली होती. पक्की, फरशी घातलेली, दाराला कुलूप. दादानं ते उघडलं. आत एक पलंग, त्यावर न वापरलेली गादी, आणि भिंतीवर एसी. त्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. त्या घरातच काय, त्या वस्तीवर दुसरा एसी नव्हता.

"हे कधी केलंस?" सुरेशनं विचारलं.

"तू टरायलला आला व्हता ना, त्याच्या पुढच्या साली. तुला बिगर एसीची झोप नाय लागली तवा. रातभर कूस बदलत व्हता, मी पाह्यलं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, दुकानवाला लावून गेला, पण आमाला चालू करता येत नाय. म्हनलं, सुरेश येईल तवा करील."

सुरेशनं अठ्ठावीस वर्षं मस्कतमध्ये एसीचंच काम केलं होतं. त्यानं गाडीतून स्क्रूड्रायव्हर आणला, स्टुलावर चढला. प्लॅस्टिक काढलं, झाकण उघडलं, जाळी धुतली, पुसली, परत बसवली. खूप वेळ लावला. मग बटण दाबलं.

एसी सुरू झाला. पलंगावर लता आणि मी, खाली फरशीवर अविनाश, दारात सुरेश. कोणीही बंद कर म्हणालं नाही.

दादानं घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली, एसीच्या बरोबर खाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लय भारी गार हाय रे!"