जामनेरच्या गाडीत मागचं सीट

जळगावहून जामनेरला मी रोज एसटीने जायचे. तिथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम होतं. पहिल्या पावसाळ्यानंतर कधीतरी लक्षात आलं, की एक माणूस रोज माझ्या मागच्या सीटवर बसतो. मी एकदाच, सगळ्यांसमोर, त्याला सांगितलं, "माझ्या मागे येऊ नका." तो हसला. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला : रागात छान दिसता.

नंबर ब्लॉक केला की दुसरा यायचा. मी गाडीची वेळ तीनदा बदलली. दर वेळी चौथ्या दिवशी तो त्याही गाडीत असायचा. आई म्हणायची, "लक्ष देऊ नको." मावशीने विचारलं, "तो काही करस का तुले?" काही करत नव्हता. फक्त असायचा. मला जेवण जाईना. नमुन्यांवर नाव लिहिताना चुका व्हायला लागल्या आणि त्यासाठी बोलणी मीच खाल्ली.

एक दिवस कंडक्टरभाऊ तिकीट देताना हळूच म्हणाले, "ताई, तो तुमच्या ओळखीचा आहे का? तुम्ही कुठलं तिकीट घेता ते ऐकून मग तो तिकीट काढतो."

म्हणजे हे मला एकटीलाच दिसत नव्हतं. मी बसल्या जागी रडले.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न तोच : "हात लावला का?" मी उठणारच होते. शेजारच्या टेबलावरच्या बाई पोलीस म्हणाल्या, "बसा. नको म्हटल्यावरही मागे फिरणं, मेसेज करणं, हाच गुन्हा आहे. हात लावायची वाट कशाला बघायची?" त्यांनी सगळे मेसेज बघून तक्रार लिहून घेतली. कंडक्टरभाऊंनी जबाब दिला.

त्याला अटक झाली, दुसऱ्याच दिवशी जामीनही झाला. केस चालू आहे. मागच्या तारखेला त्याची आई माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. "बाई, पोराचं लग्न जमत नाही. मागे घ्या ना." ती माझ्या आईएवढीच दमलेली दिसत होती. मी म्हटलं, "नाही घेणार, मावशी." आवाज चढवायचं त्राण नव्हतं.

तो आता मागे येत नाही. मी जळगावातच काम धरलंय, घरापासून दहा मिनिटांवर. तेवढ्या वाटेत मी किती वेळा मागे वळून बघते, ते मोजणं मात्र सोडून दिलंय.