त्रेसष्ट हजार दोनशे

जळगावच्या सरकारी कचेरीत लिपिक म्हणून माझी निवड झाली, तेव्हा त्या जागेच्या जाहिरातीचं कात्रण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिशात घालून अख्ख्या पिंपळनेरात फिरवलं. त्यात वेतनश्रेणी छापली होती: एकोणीस हजार नऊशे ते त्रेसष्ट हजार दोनशे. किराणा दुकानाच्या ओट्यावर कुणी विचारलं, की आबा पहिला आकडा गिळून शांतपणे दुसरा सांगायचे. आठवड्याभरात गावाने तोच माझा पगार ठरवून टाकला. मुलींचे बाप घरी चहाला येऊ लागले.

पहिला पगार कपात होऊन बावीस हजारांच्या आतच हातात आला. मी तणतणत घरी गेलो. आता गावात कुणाकुणाला तोंड दाखवू, असं बरंच बोललो. पहिला आकडा सुरुवातीचा असतो आणि दुसरा पार शेवटचा, हेही रागारागाने समजावलं. आबा शेंगा फोडत बसले होते. हात न थांबवता म्हणाले, "माहीत शे माले. तो आकडा तू रिटायर व्हशी तवय भेटी. तवलोंग मी ऱ्हासू का? म्हनीन आतेच सांगी दिधा."

आबांना जाऊन चार वर्षं झाली. परवा कचेरीत एक मुलगी नव्याने रुजू झाली, पदवी घेऊन वर्षही झालं नसेल. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, घरी फोन करायचाय. पगार किती सांगू?"

मी विचारलं, "वडील आहेत?"

"आहेत."

"मग दुसरा आकडा सांग."