एका कानाची मावशी

माझ्या मावशीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी गोवर निघाला, त्यात तो कान गेला. त्यामुळे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची सोय तिला नाही. आत गेलेलं आतच राहतं. ती आमच्याच घरी राहते. दोघं एकदम बोलायला लागलो की हात वर करते. "एकेकानं बोला. कान एकच आहे." या वाक्याची आम्ही भरपूर टिंगल केली आहे.

ती एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. केसाएवढ्या काचेच्या तारा जोडाव्यात तर तिनेच. तिथल्या एकाच तारेतून आठ रंगांचा प्रकाश जातो आणि त्यावरून सोळा यंत्रं एकमेकांना निरोपांची पाकिटं पाठवतात. दोघांनी एकाच वेळी एकच रंग धरला की पाकिटं आपटतात, दोन्ही वाया. म्हणून इंजिनिअर मंडळींनी नियम केला होता: आधी वेगळ्या रंगावरून वर्दी द्यायची, मी अमुक रंग घेतोय, मगच पाठवायचं.

तरी शंभरातली अकरा पाकिटं हरवत होती. नियम चोख आहे म्हटल्यावर बोट मावशीच्या जोडांकडे वळलं. शुक्रवारची चाचणी फसली तर तिला भांडारात बसवू, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं. तेवीस वर्षं तारा जोडणाऱ्या बाईने खोकी उचलायची! मला अजून राग येतो.

बुधवारी दुपारी मोठे इंजिनिअर आणि त्यांच्या सहकारी बाई तिच्याशी एकदमच बोलायला लागले. त्यांना जोड नवा हवा होता, बाईंना तारच बदलून.

"एकेकानं बोला. कान..." मावशी मध्येच थांबली. मग म्हणाली, "दोन पाकिटं एकाच वेळी एकाच यंत्राकडे आली तर?"

"रंग वेगळे आहेत ना? मग आपटतील कशी?" बाईंनी विचारलं.

"आपटणार नाहीत. पण घेणारा एका वेळी एकच रंग ऐकतो. दुसऱ्याचं काय?"

मोठ्या इंजिनिअरनी कपाळाला हात लावला. रस्ता मोकळा आहे का, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. घेणाऱ्याचं कुणी विचारलंच नव्हतं.

वर्दीत एक ओळ वाढली: घेणारा मोकळा नसेल तर थांबायचं. शुक्रवारी काही पाकिटांना जरा ताटकळावं लागलं, पण हरवलं एकही नाही. जोड तेच होते, तिने घातलेले. "कानामागून आली आणि तिखट झाली," बाई त्या ओळीला म्हणाल्या. साहेबांनी ओळीला मावशीचं नाव द्यायचं ठरवलं.

"माझं नाव कशाला? 'कान' लिहा," ती म्हणाली. तेच लिहिलंय.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा आम्ही चौघं दारात उभे होतो. सगळ्यांनाच एकदम बोलायचं होतं. सोळा यंत्रं आता जे विचारतात, ते आम्ही इतक्या वर्षांत तिला एकदाही विचारलं नव्हतं. मी तिच्या उजव्या बाजूला गेले.

"मावशी, कान मोकळा आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "बोल."