वामनचा खडखडाट

वामन गेल्याची बातमी मला अमरावतीला कळली ती शोकसभेच्या पत्रिकेवरूनच. अध्यक्ष म्हणून अकोल्याच्या संगीत मंडळाचे डॉक्टरसाहेब... माझं डोकंच फिरलं. ज्यांनी जिवंतपणी वामनला दारात उभं केलं नाही, ते आता त्याच्यासाठी गहिवरणार होते.

वामन माझा शाळेपासूनचा मित्र. अकोल्यात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या खोलीला तो ऐटीत स्टुडिओ म्हणायचा. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना कापसाच्या रुईनं भरलेली पोती टांगलेली. तिथं बसलं की घाम आणि शिंका दोन्ही थांबत नसत. जुन्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर त्यानं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनची घरघर भरून आणली आणि त्या तालावर, जिनमध्येच राबणाऱ्या सरजाबाईंना जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसवलं. बाई हसल्या.

"दिवसभर जिनमंदी हेच आयकतो आमी. इथं बी काहून आयकाचं, भाऊ?"

"तुमी गासान तं लोकं आयकतीन, बाई."

मी ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. डॉक्टरसाहेबांनी मात्र अर्ध्यातच हात वर केला. "हा खडखडाट आहे, संगीत नव्हे." पुढे मंडळात सगळेच वामनला 'खडखडाट' म्हणू लागले. सरजाबाई वारल्या, त्यांचा आवाज त्या एका स्पूलवर तेवढा राहिला.

शोकसभेत साहेबांचा कंठ दाटून आला. "काळाच्या पुढचा कलावंत..." मेल्या म्हशीला मणभर दूध! भाषणं वामनच्याच मशीनवर भरून घेतली जात होती. सरजाबाईंचं स्पूल नेहमी त्याच्यावरच असायचं. सभा संपताच त्याच्या धाकट्या भावाला गाठलं. स्पूल कोणतं लावलं, विचारलं.

"मशीनवर होतं तेच. साहेबच म्हणाले, लाव. त्याच्यात का होतं भाऊ? नुसता खडखडाट तं होता!"

भावाचा राग नाही आला. किळस आली ती त्या हारांची, त्या दाटल्या कंठाची. जिवंतपणी ऐकलं नाही ते नाहीच, मेल्यावर वरून पुसूनही टाकलं.

परवा पुन्हा त्या खोलीत गेलो. पोती तशीच होती, शिंकही आली. स्पूल लावलं. साहेब गहिवरले, आभार झाले, टाळ्या झाल्या. बंद करायला उठलो आणि जिन घरघरलं... भाषणं संपली होती, फीत उरली होती. सरजाबाईंची अर्धी ओवी आली. त्या थबकल्या, तशी मागून वामनची हाक:

"थांबू नका नं बाई, अजून फीत हाये."